कॉर्नरबॅकची ट्रेड व्हॅल्यू कशी काढायची? एनएफएल नव्याने बघणाऱ्यांसाठी

दरवर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीला एनएफएलची (अमेरिकन फुटबॉलची लीग) ट्रेड डेडलाइन, म्हणजे टीमनी आपसात प्लेअर बदलायची शेवटची तारीख, येते (२०२४ पासून ती नवव्या आठवड्यानंतरच्या मंगळवारी असते, आधी आठव्या आठवड्यानंतर असायची) आणि मग सगळीकडे एकच विषय, अमका कॉर्नरबॅक (समोरच्याचा पास अडवणारा प्लेअर) तमक्या टीमला, दोन फर्स्ट राउंड पिक देऊन, जास्त दिले का कमी दिले. जर्सी, बे एरिया, डॅलस असल्या ठिकाणी नवीन आलेल्या आपल्या लोकांना लंच टेबलवर हे ऐकताना काहीच टोटल लागत नाही, कारण आपल्या डोक्यात आयपीएल असतं. तिथे हार्दिक पंड्या २०२३ च्या शेवटी गुजरातकडून मुंबईकडे आला तो सरळ कॅश डील होता. एनएफएलमध्ये बहुतेक व्यवहार कॅशवर नाही तर ड्राफ्ट पिकवर चालतो, म्हणजे पुढच्या वर्षी कॉलेजमधून येणाऱ्या पोरांना निवडायचा नंबर. एकूण ७ राउंड, ३२ टीम, वरचा नंबर जास्त महाग.

मला हे सगळं तुकड्या-तुकड्यात कळत गेलं, एका ठिकाणी कुणी नीट सांगितलं नाही, म्हणून लिहितोय. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, बाकी सगळं तिच्याभोवती फिरतं. ट्रेडमध्ये टीम प्लेअर किती भारी आहे याची किंमत देत नाही, त्याची उरलेली किती वर्षं, किती पैशात मिळणार याची किंमत देते. हे डोक्यात बसलं की अर्धे वाद तिथेच संपतात.

आधी हे उघडून ठेवा

- ओव्हर द कॅप किंवा स्पॉट्रॅक. काँट्रॅक्टची सगळी माहिती, फुकट. पहिलं हेच.
- प्रो फुटबॉल रेफरन्स. किती मॅच खेळला, किती वेळा त्याच्यावर पास टाकला, किती पूर्ण झाले, हे सगळं.
- पीएफएफचे (प्रो फुटबॉल फोकस) ग्रेड, म्हणजे प्लेअरला दिलेले मार्क. पूर्ण माहितीला पैसे पडतात, नाही घेतलं तरी अडत नाही.
- ऑल-२२ फिल्म. म्हणजे मैदानावरचे २२ च्या २२ प्लेअर दिसतात तो अँगल. टीव्हीवर कॅमेरा बॉलच्या मागे जातो आणि कॉर्नरबॅक बहुतेक वेळ फ्रेमच्या बाहेर असतो, त्यामुळे टीव्ही बघून मत बनवू नका. अमेरिकेत एनएफएल प्लसच्या प्रीमियम प्लॅनमध्ये हे मिळतं.
- जिमी जॉन्सन चार्ट. प्रत्येक पिकला पॉइंट दिलेला तक्ता, खाली सांगतो.
- एक एक्सेल शीट. हो, लागतेच.

१. कॉर्नरबॅकचं काम काय ते एकदा समजून घ्या

समोरच्या टीमचा वाइड रिसीव्हर पळतो, क्वार्टरबॅक त्याला पास टाकतो, आणि तो पास पूर्ण होऊ न देणं हे कॉर्नरबॅकचं काम. रिसीव्हरला माहीत असतं की आपण कुठे वळणार आहोत, कॉर्नरला माहीत नसतं, तरी त्याने सुरुवातीला उलटं पळत त्याच्याबरोबर राहायचं. म्हणून ही लीगमधली सगळ्यात अवघड पोझिशनपैकी एक धरतात.

यात पण दोन प्रकार. बाहेरचा कॉर्नर, जो साइडलाइनजवळ समोरच्याच्या सगळ्यात चांगल्या रिसीव्हरला घेतो, आणि आतला, ज्याला स्लॉट किंवा निकल म्हणतात. पैसे आणि पिक बाहेरच्यालाच जास्त मिळतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये जेट्सने मायकल कार्टर हा स्लॉट कॉर्नर ईगल्सला दिला तेव्हा बदल्यात जॉन मेची हा रिसीव्हर आला आणि शेवटच्या राउंडच्या पिकची थोडी अदलाबदल झाली, बास. त्याच जेट्सने आठवडाभरात बाहेरचा कॉर्नर सॉस गार्डनर विकला तो दोन फर्स्ट राउंडला. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा, हा बाहेर खेळतो का आत?

२. काँट्रॅक्ट बघा. हायलाइट्स नंतर

नवीन माणूस नेमका इथेच उलटं करतो, आधी यूट्यूबवर इंटरसेप्शन (समोरच्याचा पास मधेच पकडणं) बघून खुश होतो आणि मग काँट्रॅक्ट बघायचंच राहून जातं. आधी तीन गोष्टी लिहून काढा: किती वर्षं उरली, दर वर्षीचा पगार किती, आणि त्यातला गॅरंटीड किती.

ड्राफ्टमधून आलेल्या पोराचं पहिलं काँट्रॅक्ट ४ वर्षांचं असतं आणि स्वस्त असतं. पहिल्या राउंडमधला असेल तर टीमला पाचव्या वर्षाचं ऑप्शन मिळतं, ते तिसरा सीझन झाल्यावर मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत घ्यायचं, आणि घेतलं की ते पैसे गॅरंटीड होतात. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातला चांगला कॉर्नर म्हणजे सोनं, कारण घेणाऱ्याला अजून दोन-तीन वर्षं कमी पैशात मिळतात.

मोठं काँट्रॅक्ट झालं की गणित फिरतं. सप्टेंबर २०२४ मध्ये ब्रॉन्कोजने पॅट सर्टेनला ४ वर्षांचे ९ कोटी ६० लाख डॉलर दिले, म्हणजे वर्षाला २ कोटी ४० लाख. मार्च २०२५ मध्ये टेक्सन्सने डेरेक स्टिंगलीला वर्षाला ३ कोटी दिले, आणि जुलैमध्ये जेट्सने सॉस गार्डनरला ४ वर्षांचे १२ कोटी ४ लाख, म्हणजे वर्षाला ३ कोटी १ लाख. एका वर्षात भाव इतका वर गेला. सर्टेन २०२४ चा डिफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयर आहे आणि त्याचं काँट्रॅक्ट आता या दोघांपेक्षा स्वस्त, म्हणजे ब्रॉन्कोजने त्याला विकायचं ठरवलं (ठरवणार नाहीत) तर त्या स्वस्ताईचे पण पिक मागतील. तुलना करताना सॅलरी कॅपचं (टीमने वर्षाला पगारावर किती खर्च करायचा त्याची मर्यादा) वर्ष पण बघा, २०१९ मध्ये कॅप १८ कोटी ८२ लाख होती, २०२५ मध्ये २७ कोटी ९२ लाख. त्यामुळे २०१९ चा पगार जसाच्या तसा आज लावला की हिशोब चुकतो.

आता डेड मनी. याला घाबरून लोक सोडून देतात, पण सोपं आहे. साइनिंग बोनस प्लेअरच्या हातात लवकर पडतो, पण कॅपच्या हिशोबात तो जास्तीत जास्त ५ वर्षांवर वाटून दाखवता येतो. समजा बोनस अडीच कोटी, ५ वर्षांवर वाटला, वर्षाला ५० लाख. दोन वर्षांनी मार्चमध्ये त्याला ट्रेड केला तर उरलेले दीड कोटी एकदम त्याच वर्षी जुन्या टीमच्या कॅपवर येतात, प्लेअर दुसरीकडे खेळतोय आणि हिशोब यांच्या वहीत. तोच ट्रेड १ जूननंतर केला तर या वर्षी ५० लाख आणि पुढच्या वर्षी उरलेले १ कोटी. म्हणून कित्येक मोठे ट्रेड जूनच्या शेवटी किंवा थेट सीझनच्या मधे होतात. डॉल्फिन्सने जेलन रॅमझीला स्टीलर्सकडे पाठवलं ते २०२५ च्या ३० जूनला, तारीख उगाच तशी आली नव्हती.

नवीन टीमला तो बोनस लागत नाही, फक्त पुढचा बेस पगार आणि रोस्टर बोनस वगैरे. म्हणजे घेणाऱ्याला प्लेअर वाटतो त्याहून स्वस्त पडतो. बऱ्याचदा विकणारी टीम ट्रेडच्या आधी बेस पगाराचा काही भाग बोनसमध्ये बदलून स्वतःच देऊन टाकते, आणि त्या बदल्यात वरचा पिक मागते. बातमीत "अमक्या टीमने पगाराचा वाटा उचलला" असं दिसलं तर समजायचं की पिक थोडा विकत घेतलाय.

काँट्रॅक्टचं शेवटचं वर्ष असेल तर अजून एक गोष्ट. प्लेअर फ्री एजंट (काँट्रॅक्ट संपून मोकळा) होऊन गेला तर जुन्या टीमला पुढच्या वर्षी भरपाईचा पिक मिळू शकतो, जास्तीत जास्त तिसऱ्या राउंडच्या शेवटचा. म्हणून विकणारा म्हणतो की तिसऱ्या राउंडच्या खाली मी का देऊ, गप्प बसलो तरी तेवढं मिळेल. शेवटच्या वर्षातल्या चांगल्या कॉर्नरचा भाव तिसऱ्या राउंडच्या आसपास घुटमळतो त्याचं एक मोठं कारण हे. २०२० मध्ये डॅरियस स्ले लायन्सकडून ईगल्सकडे गेला, तिसरा आणि पाचवा राउंड. २०२४ मध्ये कार्ल्टन डेव्हिस बक्सकडून लायन्सकडे, तिसरा राउंड (वर लायन्सला शेवटचे किरकोळ पिक मिळाले). त्याच महिन्यात लजेरियस स्नीड चीफ्सकडून टायटन्सकडे, पुढच्या वर्षीचा तिसरा राउंड आणि सातव्या राउंडची अदलाबदल. तिघंही वेगळ्या दर्जाचे, दोन वेगळी वर्षं, भाव बघा.

स्नीडच्या केसमध्ये फ्रँचाइझ टॅग होता, म्हणजे एका वर्षासाठी टीमने अडवून ठेवलेला, २०२४ मध्ये कॉर्नरचा टॅग साधारण १ कोटी ९८ लाख. टॅगवाल्या प्लेअरला घेणारा पिक पण देतो आणि लगेच नवीन काँट्रॅक्ट पण देतो, टायटन्सने ४ वर्षांचे ७ कोटी ६४ लाख दिले. लोक फक्त पिक मोजतात. दोन्ही मिळून किंमत असते ओ.

३. वय आणि शरीर

कॉर्नरचं सगळं पायांवर. क्वार्टरबॅक चाळिशीत खेळताना दिसतो म्हणून फसू नका, कॉर्नरच्या बाबतीत तिशी आली की टीम हात आखडता घेतात. माझा स्वतःचा ठोकताळा असा: २६ च्या आत असेल तर पूर्ण भाव, २७ ते २९ असेल तर एक राउंड खाली, तिशीच्या पुढे असेल तर चौथ्या राउंडच्या वर काहीही मिळालं तर विकणाऱ्याने पेढे वाटावेत.

पटत नसेल तर स्टेफन गिलमोर बघा. २०१९ चा डिफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयर. ऑक्टोबर २०२१ मध्ये पेट्रियट्सने तो पँथर्सला दिला, २०२३ च्या सहाव्या राउंडच्या पिकला! वय ३१, मांडीची दुखापत, नवीन काँट्रॅक्टवरून वाद, आणि टीम त्याला सोडूनच देणार अशी बातमी बाहेर पडलेली. नंतर तो कोल्ट्सकडे गेला, आणि २०२३ मध्ये कोल्ट्सने त्याला काउबॉईजला दिला तेव्हा पाचवा राउंड. म्हणजे दीड वर्षाने भाव उलट किंचित वाढला, कारण मधल्या काळात तो नीट खेळत होता.

दुखापतीत फरक करा. हात मोडला, बरगडी दुखली, ठीक आहे. गुडघ्याचं एसीएल, अकिलीस, आणि परत परत येणारं हॅमस्ट्रिंग, ही तीन दिसली की थांबा. मार्शॉन लॅटिमोर नोव्हेंबर २०२४ मध्ये सेंट्सकडून कमांडर्सकडे गेला, तिसरा, चौथा आणि सहावा राउंड देऊन (सेंट्सने बरोबर एक पाचवा दिला). ट्रेडच्या वेळीच त्याचं हॅमस्ट्रिंग दुखत होतं, आणि कमांडर्ससाठी त्या रेग्युलर सीझनमध्ये तो दोनच मॅच खेळला. स्नीडचा पण गुडघा आधीपासून चर्चेत होता, टायटन्ससाठी पहिल्या सीझनमध्ये पाच मॅच. मॅच किती खेळला हा कॉलम आधी बघा, मग बाकीचे.

उलटं उदाहरण पण द्यायला पाहिजे. डॅरेल रिव्हिसचं एसीएल सप्टेंबर २०१२ मध्ये फाटलं, तरी एप्रिल २०१३ मध्ये बक्सने जेट्सला त्याच्यासाठी त्या वर्षीचा १३ नंबरचा पिक आणि पुढच्या वर्षीचा एक अटीवरचा पिक दिला. पण काँट्रॅक्ट कसं केलं बघा, ६ वर्षांचे ९ कोटी ६० लाख, गॅरंटीड शून्य. एका सीझननंतर सोडून दिला. जेट्सने त्या १३ नंबरवर शेल्डन रिचर्डसन घेतला आणि तो त्या वर्षीचा डिफेन्सिव्ह रूकी ऑफ द इयर झाला. रिव्हिस पेट्रियट्सकडे जाऊन सुपर बोल (लीगची फायनल) जिंकला. मधल्या मधे बक्सच्या हाताला काय लागलं ते तुम्हीच सांगा.

४. आकडे वाचताना

सगळ्यात मोठा सापळा म्हणजे इंटरसेप्शन. नवीन माणसाला तेच दिसतं कारण ते स्कोअरकार्डवर असतं. ट्रेव्हॉन डिग्जने २०२१ मध्ये ११ घेतले, लीगमध्ये सगळ्यात जास्त, पुढच्या वर्षी ३. झेव्हियन हॉवर्डने २०२० मध्ये १०, २०२२ मध्ये १. हा आकडा वर्षागणिक नाचतो. आणि इंटरसेप्शनच्या मागे लागणारा कॉर्नर अंदाज बांधून उडी मारतो, चुकला की रिसीव्हर मोकळा पळतो.

सॉस गार्डनरचे ट्रेड होईपर्यंतचे सगळ्या करिअरचे इंटरसेप्शन किती? तीन. तरी दोन वेळा फर्स्ट टीम ऑल-प्रो (वर्षातल्या सगळ्यात चांगल्या प्लेअरची निवडलेली टीम). कारण त्याच्याकडे बॉलच टाकत नाहीत. पॉइंटला जडेजा उभा असला की बॅट्समन तिकडे चोरटी रन काढायच्या भानगडीत पडत नाही, आणि तो वाचवलेला रन कुठे लिहिलेला नसतो, तसंच हे.

मग बघायचं काय? किती स्नॅप (म्हणजे डाव) कव्हरेजमध्ये, म्हणजे पास अडवायच्या कामावर, होता आणि त्यातल्या किती वेळा त्याच्यावर टाकला (कमी म्हणजे चांगलं), टाकलेल्यातले किती पूर्ण झाले, प्रत्येक कव्हरेज स्नॅपमागे किती यार्ड गेले, किती पास हाताने उडवले, आणि फाउल. फाउल विसरू नका. एनएफएलमध्ये डिफेन्सिव्ह पास इंटरफेरन्स झाला की बॉल फाउल झाला त्या जागी ठेवतात आणि वर फर्स्ट डाउन (पुढे जायचे प्रयत्न पुन्हा पहिल्यापासून), म्हणजे ४० यार्डांवर धक्का दिला तर ४० यार्ड फुकट. हे "किती यार्ड दिले" या कॉलममध्ये येत नाही, वेगळं शोधावं लागतं.

एकाच वर्षाचे आकडे घेऊ नका, तीन वर्षांचे घ्या. आणि समोर कोण होतं ते पण बघा, काही कॉर्नर दर मॅचला समोरच्याच्या एक नंबर रिसीव्हरच्या मागे जातात, काही फक्त आपल्या बाजूला उभे राहतात. आकडे सारखे दिसले तरी पहिल्याचं काम जड.

झोन कव्हरेजमध्ये पूर्ण झालेला पास नक्की कुणाच्या नावावर लिहायचा हे आकडे काढणाऱ्याच्या अंदाजावर असतं, म्हणून दोन साइटचे आकडे जुळत नाहीत. त्यावरून भांडू नका.

५. नवीन टीमची सिस्टीम

मॅन कव्हरेज म्हणजे माझा माणूस मी धरला, झोन म्हणजे माझा एरिया मी धरला. एकात हिरो असलेला दुसऱ्यात साधा वाटू शकतो. याचं क्लासिक उदाहरण ट्रेडचं नाही, फ्री एजन्सीचं आहे, पण सांगतोच. नामदी असोमुगा रेडर्समध्ये रिसीव्हरला चिकटून मॅन खेळायचा, क्वार्टरबॅक त्याच्या बाजूला बघायचेच नाहीत. २०११ मध्ये ईगल्सने त्याला ५ वर्षांचे ६ कोटी देऊन घेतला, तिथे वेगळ्या पद्धतीने वापरला, झोन जास्त, आणि दोन सीझनमध्ये कार्यक्रम संपला. तोच माणूस, तेच पाय.

म्हणून घेणाऱ्या टीमचा डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर कोण, तो मॅन किती खेळवतो, हे बघा. कोऑर्डिनेटर बदलायची शक्यता असेल तर किंमत अजून थोडी कमी धरा.

६. विकणाऱ्याची गरज ओळखा

हा भाग शीटमध्ये बसत नाही, पण भाव इथेच ठरतो. प्लेअरने जाहीरपणे ट्रेड मागितलाय का? कोचशी वाद आहे का? टीम हरत चाललीय का? सगळ्यांना कळलं की हे त्याला सोडणारच आहेत, मग पिक कशाला द्यायचा, लोक वाट बघतात. २०२५ मध्ये पॅकर्सने जायर अलेक्झांडरसाठी बरेच महिने गिऱ्हाईक शोधलं, पगार मोठा, दुखापती मागे लागलेल्या, शेवटी जूनमध्ये काहीही न मिळता सोडून दिला.

याच्या विरुद्ध, विकणाऱ्याला घाई नसेल आणि घेणाऱ्याला आत्ताच जिंकायचं असेल तर भाव चढतो.

१५ ऑक्टोबर २०१९ चा दिवस माझ्या मते या सगळ्या विषयाचा आख्खा सिलॅबस आहे. रॅम्सने त्या दिवशी मार्कस पीटर्स रेव्हन्सला दिला, बदल्यात लाइनबॅकर केनी यंग आणि पाचव्या राउंडचा पिक. आणि त्याच दिवशी जॅग्वार्सकडून जेलन रॅमझी घेतला, दोन फर्स्ट राउंड आणि एक चौथा राउंड देऊन. पीटर्सचं काँट्रॅक्ट त्या सीझननंतर संपणार होतं, रॅमझीचं पाचव्या वर्षाचं ऑप्शन हातात होतं आणि वय २५ पण पूर्ण नव्हतं. म्हणून एवढा फरक. पण गंमत अशी की त्या सीझनच्या शेवटी पीटर्स फर्स्ट टीम ऑल-प्रो झाला. पाचव्या राउंडच्या भावात. तो खराब होता म्हणून स्वस्त नव्हता, त्याची उरलेली वर्षं कमी होती म्हणून स्वस्त होता.

ड्राफ्टमध्ये कितव्या नंबरला गेला होता हे विसरून जा, हा अजून एक सापळा. जेफ ओकुडा २०२० मध्ये ३ नंबरला गेला, तीन वर्षांनी लायन्सने फाल्कन्सला दिला तेव्हा पाचव्या राउंडचा पिक आला.

७. पिकचे पॉइंट करा

जिमी जॉन्सन डॅलस काउबॉईजचे कोच असताना १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हा चार्ट आला. पहिला पिक ३००० पॉइंट, पाचवा १७००, दहावा १३००, सोळावा १०००, विसावा ८५०, बत्तिसावा ५९०, चौसष्टावा २७०, शंभरावा १००. त्यानंतर नवीन सुधारित चार्ट आले, त्यांचं म्हणणं की जुना चार्ट वरच्या पिकला उगाच फार भाव देतो, आणि ते बरोबर पण आहे. पण सुरुवातीला जुनाच वापरा, सगळे तोच बोलतात.

पुढच्या वर्षीचा पिक असेल तर ढोबळ नियम, एक राउंड खाली धरायचा. म्हणजे पुढच्या वर्षीचा फर्स्ट म्हणजे या वर्षीचा सेकंड.

आता सॉस गार्डनर करून बघू. ४ नोव्हेंबर २०२५, जेट्सकडून कोल्ट्सकडे. बदल्यात २०२६ चा फर्स्ट, २०२७ चा फर्स्ट आणि रिसीव्हर एडोनाय मिचेल. त्या दिवशी कोल्ट्स ७-२ (७ जिंकलेल्या, २ हरलेल्या) होते, आणि जिंकणाऱ्या टीमचा नंबर मागे लागतो, म्हणजे त्यांचा पिक राउंडच्या शेवटी येणार असं सगळ्यांनी धरलेलं, २६ नंबर धरा, ७०० पॉइंट. २०२७ चा एक राउंड खाली, सेकंड राउंडचा मधला, ५० नंबर, ४०० पॉइंट. मिचेल २०२४ ला ५२ नंबरला गेलेला, पण गोल लाइनच्या आधीच बॉल हातातून सोडून देण्याचा पराक्रम करून बसलेला, मी त्याला तिसऱ्या राउंडच्या मधल्याहून जरा खालचा धरतो, १५० च्या आसपास. झाले साडेबाराशे, म्हणजे चार्टवर ११ नंबरचा पिक.

आता स्वतःला विचारा, ११ नंबरला ड्राफ्टमध्ये मिळणारं पोर गार्डनरसारखं निघण्याची शक्यता किती? कमीच. मग कोल्ट्सने स्वस्तात मारला? थांबा, ११ नंबरचं पोर चार वर्षं स्वस्तात खेळतं आणि गार्डनरला वर्षाला ३ कोटीच्या हिशोबाने द्यायचे, २०३० पर्यंत. पण वय २५, साइनिंग बोनसचा बोजा जेट्सकडे राहिला. माझा हिशोब त्या दिवशी असा आला की भाव बरोबर आहे, किंचित महाग.

पुढे काय झालं? क्वार्टरबॅक डॅनियल जोन्सचं अकिलीस डिसेंबरमध्ये फाटलं, कोल्ट्स प्लेऑफला गेलेच नाहीत. प्लेऑफ हुकलेल्या टीमचा पिक पहिल्या १८ मधे येतो, म्हणजे किमान ९०० पॉइंट. ७०० धरून दिलेली वस्तू ९०० च्या वर गेली आणि त्यात गार्डनरची काही चूक नाही. म्हणून दुसऱ्याचा पिक मोजताना तीन आकडे काढा, टीम चांगली खेळली तर, मध्यम, आणि वाट लागली तर.

रॅमझीचं पण शीटमध्ये टाकून बघा. जॅग्वार्सला रॅम्सचे ते दोन पिक शेवटी २० आणि २५ नंबरचे पडले, ८५० अधिक ७२०, १५७० आणि वर चौथ्या राउंडचे थोडे. मार्च २०२३ मध्ये रॅम्सने त्याला डॉल्फिन्सला दिला, ७७ नंबरचा पिक, २०५ पॉइंट, आणि हंटर लाँग हा टाइट एंड. तेव्हा वय २८ आणि पगार मोठा. २०२५ मध्ये डॉल्फिन्सने त्याला जॉनू स्मिथबरोबर पाठवून मिंका फिट्झपॅट्रिक घेतला, पिकची फक्त २०२७ च्या खालच्या राउंडची अदलाबदल. साडेपाच वर्षांत दोन फर्स्टवरून इथपर्यंत. पण मधे रॅम्सने फेब्रुवारी २०२२ चा सुपर बोल जिंकला, त्यामुळे १५७० चे २०५ झाले म्हणून तिकडे कुणी रडत बसलेलं नाही.

८. बातमी आल्यावर

रिपोर्टरची पहिली पोस्ट आली की लगेच निकाल देऊ नका. पिक अटीवरचा असू शकतो, रिव्हिसच्या वेळी तो टीममध्ये राहिला तर तिसरा राउंड नाहीतर चौथा असं होतं, आणि शेवटी चौथाच गेला. पगार कुणी किती उचलला हे दुसऱ्या दिवशी ओव्हर द कॅपवर कळतं. नवीन काँट्रॅक्ट बरोबर झालं का हे कधी कधी महिन्यांनी कळतं, रॅमझीचं तर २०१९ च्या ट्रेडनंतर सप्टेंबर २०२० मध्ये झालं. आणि बहुतेक ट्रेड फिजिकल पास होण्याच्या अटीवर असतात, म्हणजे नवीन टीमच्या डॉक्टरांनी गुडघा तपासून नाही म्हटलं तर सगळं रद्द, प्लेअर परत आपल्या जुन्या लॉकरला. तेवढं होईपर्यंत शीटमधली ती ओळ पिवळ्या रंगात ठेवा.